विष निर्विष करण्याची विद्या



रासायनिक अस्त्रांनी किती माणसे मेली हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण उरलेल्या साठ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याविषयी चार शब्द सांगतो.

२१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियात दमास्कसजवळच्या घूता भागात सारीन या विषाचा मारा झाला. शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर सीरियाने रासायनिक अस्त्रबंदीचा करार स्वीकारला आणि जाहीर केलेला साठा देशाबाहेर काढण्यात आला.

तो टाकावा कोठे? दुसऱ्या महायुद्धानंतर असा माल बाल्टिक समुद्रात बुडविला गेला होता. पुढे मच्छीमारांच्या जाळ्यांत मस्टर्डचे गोळे येऊन त्यांचे हात भाजले. म्हणूनच १९९७ साली अंमलात आलेल्या या कराराने असे विष पाण्यात टाकणे, जमिनीत पुरणे किंवा उघड्या खड्ड्यात जाळणे निषिद्ध ठरविले आहे.

अखेर २०१४ च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ‘केप रे’ या अमेरिकन जहाजावर सुमारे ६०० टन द्रव्ये निर्विष करण्यात आली. मस्टर्ड गरम पाण्यात मिसळले की त्याचे थायोडायग्लायकॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. मग कॉस्टिक सोड्याने आम्ल मारतात. हे रसायनशास्त्र आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे.

परंतु एवढ्याने काम संपले नाही. मूळ द्रव्यांच्या कितीतरी पट दूषित पाणी उरले. ते समुद्रात न सोडता जर्मनी व फिनलंड येथे नेऊन खास भट्ट्यांत जाळण्यात आले. भारतानेही आपला जाहीर साठा २००९ साली पूर्ण नष्ट केला.

विद्यार्थी मित्रांनो, वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, अशी पैगंबरसाहेबांची (स.) शिकवण आहे. प्रयोगशाळेत उरलेले आम्ल मोरीत ओतण्यापूर्वी शिक्षकांना विचारा. ही सवय तेथूनच लागते. आणि पालकहो, मुलगा असो वा मुलगी, विज्ञानाकडे ओढा दिसला तर अडवू नका. विष बनविणाऱ्यांनीही हीच विद्या शिकलेली असते. ती निस्तरणारी माणसे आपल्या घरांतूनही निघावीत, एवढीच दुआ करतो.