ट्रॅकवरच्या गाडीचं तेल

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे स्पोर्ट्स कार पूर्ण ताकदीनं पळवली, की इंजिन ऑइलचं तापमान 120 अंशांच्या पुढे सहज जातं. तापलेलं तेल पातळ होतं, बेअरिंगवरचा त्याचा थर विरळ होतो आणि धातूला धातू घासू लागतो.

डब्यावर 5डब्ल्यू-40 लिहिलेलं असतं. त्यातला 40 हा आकडा 100 अंशांवरचा दाटपणा सांगतो. ट्रॅकसाठी मला त्याहून मोलाचा वाटतो तो एचटीएचएस, म्हणजे 150 अंशांवर, जोराच्या घर्षणात मोजलेला दाटपणा. तेलाच्या माहितीपत्रकात तो 3.5 किंवा जास्त आहे का, ते बघा. पण त्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. उगाच जाड तेल घालू नका, थंड इंजिनात ते सगळीकडे उशिरा पोचतं.

आणि पातळी! लांब वळणात तेल चेंबरच्या एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. म्हणून प्रत्येक फेरीसत्रानंतर गाडी सपाट जागी लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला. तेल वरच्या खुणेपाशी हवं, तिच्यावर मात्र नको.