पंचेचाळिसाव्या वर्षी उमेदवारी

‘उमेदवारी’ हा शब्द आता निवडणुकीपुरताच उरला आहे. पूर्वी त्याचा अर्थ निराळा होता. मिसरूड फुटलेला मुलगा एखाद्या कचेरीत किंवा पेढीवर बिनपगारी जाऊन बसे, वडीलधाऱ्या कारकुनांची बोलणी खाई, आणि दोन-एक वर्षांनी कामास लायक ठरे. या अवस्थेला उमेदवारी म्हणत. अठराव्या वर्षी तिचे काही वाटत नाही. पण पंचेचाळिसाव्या वर्षी, मुलगी कॉलेजात व मुलगा दहावीत असता, घराचे हप्ते निम्मेच फिटले असता ती पुन्हा पत्करावी लागली तर काय होते, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

श्रोतेहो, हा प्रसंग आता कोणत्याही सुशिक्षित घरी येऊ शकतो. ‘आपली जागा कमी करण्यात आली आहे,’ एवढाच मजकूर. पूर्वी तो लिफाफ्यातून येई, आता संगणकाच्या पडद्यावर येतो. माणसाच्या हातून काही चुकले, असे त्यात लिहिलेले नसते. आणि नेमके हेच पचावयास जड जाते. चूक झाली असती तर ती सुधारण्याची तरी सोय होती.

या प्रसंगाचे जुने, अनुभवी जाणकार पाहावयाचे असतील तर पुण्याहून फार लांब जावयास नको. भोर आणि वेल्हे हे दोन तालुके त्यासाठी पुरे आहेत. (वेल्ह्यास ‘राजगड’ हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, परंतु जुने नाव जिभेवरून लवकर उतरत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.) हा मुलूख डोळ्यांना सुंदर आणि पोटाला कठीण. पावसाळ्यात खाचरांतून भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी आणि वरई. दिवाळीनंतर शेतात काम थोडेच. खोऱ्यातील चांगली जमीन होती, तिच्यापैकी पुष्कळशी धरणांखाली गेली. येळवंडी नदीवरील भाटघरचे धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले, त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडील कोरड्या मुलखास मिळाले. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी तर आपण पुणेकर रोज नळाने घेतो. ज्यांची भाकरी पाण्याखाली गेली किंवा मुळातच अपुरी होती, त्यांनी मुंबईची वाट धरली. धाकटे भाऊ, चुलते, मेहुणे एकाच खोलीत पाळीपाळीने निजत आणि गिरणीत पाळीपाळीने राबत. गावी मनिऑर्डर येई. घर, शेत, म्हातारी माणसे आणि गुरे हे सारे बायका सांभाळीत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाच्या न्याय-अन्यायाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्यातील एकाच गोष्टीकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. सुरू झाल्याचा दिवस सर्वांना ठाऊक आहे. संपल्याचा दिवस कोणालाच सांगता येत नाही. काही गिरण्या थोड्या माणसांनिशी चालू झाल्या. १९८३ साली सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, त्याने पुन्हा आशा पालवली. लाखाहून अधिक माणसांची नोकरी गेली होती. पण ‘तुझी नोकरी गेली’ असे त्यांना स्पष्टपणे सांगणारे कोणी नव्हते.

माझ्या आजोळच्या नात्यातील एक गृहस्थ, त्यांना आम्ही मामा म्हणत असू, त्रासन खात्यात वीस वर्षे होते. संप झाला तेव्हा वय एकेचाळीस. वर्ष-दीड वर्षाने ते वेल्ह्याकडील आपल्या गावी परतले, ते ‘चार महिन्यांसाठी’. गिरणीचा पास ट्रंकेत जपून ठेवलेला. कोणी मुंबईहून आले की पहिला प्रश्न, ‘भोंगा वाजतोय का?’ कोणी म्हैस घ्या म्हटले, तर उत्तर, ‘आता दोन महिन्यांसाठी म्हैस कशाला?’ कोणी पिठाची गिरणी सुचविली, तर तेच उत्तर. अशी तीन वर्षे गेली. आळस हा त्यांचा स्वभावच नव्हता. एवढा कष्टाळू माणूस मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. त्यांना अडवून धरले होते ते त्या न संपलेल्या संपाने. नवा धंदा कोणता, हा प्रश्न मनात येण्यापूर्वी जुना धंदा संपला, हे मान्य व्हावे लागते. आणि ते मान्य करणे म्हणजे वीस वर्षे पाण्यात गेली, असे कबूल करणे, अशी त्यांची समजूत होती.

पुढे एका जून महिन्यात त्यांनी खाचरात पाय घातला, आणि एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. शेत त्यांचे, सातबारा त्यांच्या नावाचा. परंतु शेतीतले ज्ञान सारे मामींपाशी. राब कधी भाजावयाचा, बियाणे किती धरावयाचे, कोणत्या खाचरात पाणी आधी साचते, चिखलणीला बैल कोणाकडून आणावयाचे, हे त्यांनी वीस वर्षे एकटीने केलेले. मामांना लावणीची रांगही सरळ धरता येईना. शेजारच्या बायकांसमोर मामी त्यांना म्हणत, ‘अहो, रोप फार खोल जातंय.’ गिरणीत दहा पोरांना काम शिकविणारा तो माणूस आपल्याच घरच्या शेतावर उमेदवार झाला. पहिल्या वर्षी ते फार चिडले. दुसऱ्या वर्षी गप्प राहिले. तिसऱ्या वर्षी विचारू लागले.

आपल्या शहरी घरांतही हीच गोष्ट निराळ्या वेषाने घडते. कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री नोकरीवरून घरी बसली की पहिले काही महिने ती गोष्ट सोसायटीत, नातेवाइकांत, कधी कधी मुलांपासूनही लपविली जाते. सकाळी ठरल्या वेळी डबा घेऊन बाहेर पडून बागेत दिवस काढणारी माणसे मला ठाऊक आहेत. माझे मत असे की, या लपवाछपवीत जेवढे दिवस जातात तेवढे नव्या कामाच्या शोधातून वजा होतात. कारण नवे काम बहुधा ओळखीतूनच मिळते, आणि ओळखीच्यांना तर आपण काही कळूच दिलेले नसते.

आता पैशाविषयी. कायद्याने कपातीत गेलेल्या कामगारास पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून मिळते. हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातील माप नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. बावीस वर्षांच्या नोकरीचे ३३० दिवस होतात. म्हणजे एका वर्षाच्या आतबाहेरची बेगमी. नव्या संहितेने यात एक भर घातली आहे: नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचे वेतन द्यावयाचे, आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाचे. पंधरा दिवसांत कोणते कौशल्य येते, हे मला कोडेच आहे. परंतु हक्काचे आहे ते मागून घ्यावे. मात्र व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकारी यांना हा आधार नाही. त्यांनी आपले नेमणूकपत्र आजच काढून वाचावे.

ही रक्कम एकदम हाती येते आणि तिच्यावर सर्वांचे डोळे लागतात. कोणी लग्न काढतो, कोणी घराचा मजला चढवितो, आणि सर्वांत धोक्याचे म्हणजे कोणी दुसऱ्याचे पाहून दुकान थाटतो. मामांच्या गावी एकाने कोंबड्यांची शेड बांधली, म्हणून पुढच्या वर्षी चौघांनी बांधल्या. रोगाची एक साथ आली आणि पाचही ओस पडल्या. शेड बांधण्यापूर्वी तीन महिने दुसऱ्याच्या शेडवर मजुरी केली असती, तर निदान चौघे वाचते. पण मजुरीची लाज वाटली. भांडवल घालविण्याची वाटली नाही.

जुन्या धंद्यातील सारेच वाया जाते असेही नाही. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते गिरणगावात कामगारांच्या खाणावळी चालविणाऱ्या बायकांचे. गिरण्या थंडावल्या तेव्हा या बायकांचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. परंतु स्वयंपाक, उधारीचा हिशेब आणि पन्नास माणसांच्या जेवणाचा अंदाज हे हातात होतेच. गिऱ्हाईक मात्र नवे शोधावे लागले. गिरणीतून आलेल्या पुरुषांना हे अवघड गेले, कारण त्यांचे कसब यंत्राला बांधलेले होते, आणि ते यंत्र मालकाचे. म्हणून पुष्कळांनी मुंबईतच माथाडीचे काम, भाजीची गाडी किंवा रात्रीची राखणदारी पत्करली.

आज राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात किंवा तोरण्याखालच्या वेल्ह्यात गेलात, तर घरोघरी जेवणाची सोय दिसेल. जुलै २०२५ मध्ये राजगडाचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यामुळे ही गर्दी वाढेल, असा अनेकांचा होरा आहे. शहरातील नोकरी सुटलेले काही तरुण या आशेने गावी जागा बांधू पाहतात. त्यांना मी एवढेच विचारतो की, शनिवार-रविवार सोडून उरलेल्या पाच दिवसांत चूल कशावर पेटेल, याचा हिशेब केला आहे काय? ज्यांच्या घरी भात आहे, दूध आहे, त्यांना तो दोन दिवसांचा व्यवसाय पुरतो. केवळ त्यावर विसंबणाऱ्यांना तो पुरेल असे मला वाटत नाही.

मामांनी पुढे दोन म्हशी घेतल्या. भाताला इंद्रायणीचे बी आणले, ते मात्र मामींना विचारून. गिरणीतील पाळीची सवय त्यांना एका बाबतीत उपयोगी पडली: पहाटे चारला धार काढण्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही. आज ते हयात नाहीत. पास त्या ट्रंकेत अजून आहे. बियाण्याचा आणि बाजाराचा हिशेब अखेरपर्यंत मामींकडेच राहिला. तो त्यांनी परत मागितला नाही.