फोलेट कमी आहे, पण कशामुळे?

रक्ताच्या रिपोर्टवर ‘सिरम फोलेट’ या शब्दांपुढे कमी आकडा आला की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. औषधाच्या दुकानातून फॉलिक अ‍ॅसिडच्या (म्हणजे कृत्रिमरीत्या तयार केलेल्या फोलेटच्या) पिवळ्या गोळ्यांची पट्टी येते. गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे आणि कित्येकांना तेवढ्यानं बरंही वाटतं. मग विषय मिटतो. तो तिथं मिटू नये, एवढ्यासाठी मी आज बोलणार आहे. फोलेट कमी असणं हे आजाराचं नाव नव्हे. कशामुळे तरी ते कमी झालेलं असतं. ते कारण शोधायचं राहिलं, तर गोळ्या संपल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फोलेट कमी असलेलं शरीर घेऊन बरीच वर्षं वावरले आणि अजूनही त्याच्यावर लक्ष ठेवूनच माझे दिवस जातात.

लक्षणं नेमकी कधी सुरू झाली, हे मला सांगता येणार नाही. शाळेचा जिना चढून वर्गात पोचले की हजेरी घेण्याआधी थोडा वेळ नुसतं बसून राहावं लागे. हजेरीपटात नाव समोर असायचं आणि त्या मुलाचा चेहरा काही केल्या आठवायचा नाही. रात्री झोप यायची नाही, दुपारी डोळे मिटायचे. घरात माणसं माझ्याशी जपून बोलायला लागली होती, इतकी मी चिडचिडी झाले होते. आणि तोंड सारखं यायचं. जीभ लालभडक, कडेनं सोललेली, टोकाशी अगदी गुळगुळीत. तिखट सोडाच, कोमट चहासुद्धा झोंबायचा. सुखानं गिळता यायचा तो फक्त दहीभात.

या प्रत्येक तक्रारीला वेगळं उत्तर मिळत होतं. दम लागतो? वजन कमी करा. विसरायला होतं? वय झालं. चिडचिड होते? पाळी जायची वेळ आली. तोंड येतं? उष्णता झाली, रात्री सब्जा भिजत घाला. सांगणारी माणसं मायेची होती, त्यांना बोल लावायचा नाही. पण दम, विसर, चिडचिड आणि जीभ या चारही गोष्टी एकाच बाईला एकाच वेळी होताहेत, हे कुणी एकत्र मांडून पाहिलं नाही.

त्या एकत्र का येतात, ते समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. पेशीची दुसरी पेशी व्हायची तर आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते. त्या कामाला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं. म्हणजे जिथं पेशी भराभर तयार होतात, तिथं फोलेटची टंचाई आधी जाणवणार. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी तयार होतात. जिभेचं, गालाच्या आतलं आणि आतड्याचं अस्तरही सतत नवं होत असतं. म्हणून जिन्यावर लागणारा दम आणि चहानं झोंबणारी जीभ यांचं मूळ एकच असू शकतं.

विसरभोळेपणाचं आणि चिडचिडीचं काय? बॉस्टनमधले डॉक्टर व्हिक्टर हर्बर्ट यांनी १९६१ साली स्वतःच्या शरीरावर एक प्रयोग केला. सगळं अन्न तीन-तीनदा उकळून, दरवेळी पाणी फेकून, फोलेट जवळजवळ संपवून त्यांनी ते काही महिने खाल्लं. तिसऱ्या आठवड्यात रक्तातली पातळी घसरली. चौथ्या महिन्यात झोप उडाली, विसरायला होऊ लागलं, चिडचिड सुरू झाली. हाडांच्या मगजातला ठळक बदल दिसला तो त्यानंतर, पाचव्या महिन्यात. हे मी वाचलं तेव्हा मला फार धीर आला. रक्त पुरतं उतरण्याआधी मन उतरू शकतं, आणि तो स्वभावाचा दोष नसतो.

फोलेटचा शोध जिथून सुरू झाला, ती जागा आपल्या मुंबईत आहे. परळची हाफकिन संस्था. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई तिथं आल्या. मुंबईतल्या गरीब बायका, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्याही होत्या, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडायच्या आणि त्यातल्या कित्येक दगावायच्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या असत. विल्सबाईंनी आधी जंतुसंसर्ग आहे का ते तपासलं. मग त्यांनी या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी हाती घेतली. त्या वेळच्या निबंधांवर त्यांच्या जोडीला मेहता आणि तळपदे ही नावं दिसतात. मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी १९३० साली प्रसिद्ध झाली, ती विल्स आणि तळपदे यांच्या नावानं. पाहणीतून दिसलं की ज्यांच्या ताटात सगळ्यात कमी, त्यांना हा पांडुरोग जास्त. पुढे उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग करताना त्यांनी मार्माइट, म्हणजे बिअरच्या यीस्टचा अर्क, देऊन पाहिला. तो लागू पडला. स्वस्त होता, म्हणून बायकांनाही देता आला, आणि मरणाच्या दारात पोचलेल्या बायका सुधारू लागल्या. १९३१ साली हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. त्या अर्कातल्या अनोळखी पदार्थाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला आणि १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज काही रुपयांत मिळणाऱ्या गोळीमागे परळच्या त्या बायका आहेत. त्यांची नावं कुठं नोंदलेली मला आढळली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

विल्सबाईंचा मोठेपणा मला औषधात कमी आणि त्यांच्या प्रश्नात जास्त दिसतो. रक्त कमी आहे एवढं सगळ्यांनाच दिसत होतं. कशामुळे, हे त्यांनी विचारलं.

माझ्या बाबतीत तो प्रश्न विचारला एका दंतवैद्यानं. सारखं तोंड येतं म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी जीभ पाहिली, मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. हिरड्या फुगून दातांवर चढल्या होत्या. आरसा हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, “ताई, तुम्हाला फिटच्या गोळ्या चालू आहेत का?”

होत्या. कॉलेजात असताना मला आकडी आली होती आणि तेव्हापासून मी फेनिटॉइन घेते. त्या गोळ्यांनी मला सबंध नोकरी निर्धास्तपणे करू दिली, हेही सांगायला हवं. पण फेनिटॉइननं हिरड्या वाढतात आणि शरीरातलं फोलेट उतरू शकतं, या दोन्ही गोष्टी वैद्यकाला कित्येक दशकांपासून ठाऊक आहेत. मेंदूच्या डॉक्टरांकडे माझी एक फाईल होती आणि थकव्यासाठी जिथं जात होते तिथं दुसरी. दोन्ही फायली कधी एका टेबलावर आल्या नव्हत्या.

दंतवैद्यांनी चिठ्ठी दिली आणि तपासण्या झाल्या. फोलेट खूपच कमी आलं. गंमत नव्हे, पण विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की माझ्या आधीच्या सीबीसी या रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा आकार, ज्याला एमसीव्ही म्हणतात, तो चक्क नॉर्मल होता. फोलेट कमी असेल तर पेशी मोठ्या व्हायला हव्यात ना? पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला आत बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. काही पेशी थाळीएवढ्या मोठ्या, लंबगोल. काही अगदी बारीक, मधून फिकट. माझ्या अंगात लोहही कमी होतं. लोह कमी झालं की पेशी लहान होतात, फोलेट कमी झालं की मोठ्या, आणि यंत्र दोघांची सरासरी काढतं. अर्धा वर्ग नापास आणि अर्धा पहिल्या श्रेणीत असला तरी वर्गाची सरासरी ठीकच येते, तसं. मग त्यांनी काच जरा सरकवून एक पांढरी पेशी दाखवली. तिच्या जांभळ्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाकळ्या असतात. माझ्या पेशीला सहा होत्या. मी दोनदा मोजल्या. फोलेट किंवा बी-ट्वेल्व्ह कमी असल्याची ती जुनी, भरवशाची खूण आहे. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी आहे की केवळ एमसीव्ही पाहून फोलेट ठीक आहे असं समजणं धोक्याचं आहे. रक्ताची काच माणसाच्या डोळ्यांनी पाहिली जावी, असा आग्रह धरा.

आता बी-ट्वेल्व्ह. या दोन जीवनसत्त्वांची कामं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि दोघांच्या कमतरतेत रक्त सारखंच दिसतं. बी-ट्वेल्व्ह कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि आतल्या आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या, तळवे बधिर, चालताना तोल जाणं, ही लक्षणं असतील तर बी-ट्वेल्व्ह तपासल्याशिवाय फॉलिक अ‍ॅसिडला हात लावू नका. माझं बी-ट्वेल्व्ह काठावर होतं. म्हणून आधी त्याची इंजेक्शनं झाली, मग फॉलिक अ‍ॅसिड.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांना गरोदर बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश जणींमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी आढळलं. फोलेट कमी असलेली बाई मात्र क्वचितच. आणि ज्या आयांचं फोलेट जास्त पण बी-ट्वेल्व्ह कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. गरोदर राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घ्यायलाच हवं, त्यानं बाळाच्या मणक्याचे आणि मेंदूचे बरेचसे गंभीर दोष टळतात, हे निर्विवाद आहे. बी-ट्वेल्व्हकडे दुर्लक्ष होऊ नये, एवढंच मला त्यात जोडायचं आहे.

या अभ्यासातून मला आणखी एक गोष्ट उमगली. आपल्या साध्या जेवणात वरण असतं, मटकी-चवळीची उसळ असते, मेथी, पालक, चाकवत असतो. मोठ्या माणसाला दिवसाला मिलिग्रॅमच्या एक तृतीयांशाहूनही कमी फोलेट पुरतं आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं. भाजी फार शिजवली किंवा उकळून पाणी ओतून दिलं तर बरंच वाया जातं, हे खरं. तरीही रोज वरणभात-उसळ खाणाऱ्या घरात एखाद्याचं फोलेट घसरलं, तर “भाज्या खात जा” हे उत्तर पुरेसं नाही. कदाचित आतडं ते शोषत नसेल. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारात तसं होतं. कदाचित दारूचा प्रश्न असेल. कदाचित सांधेदुखीसाठी आठवड्याला एकदा मेथोट्रेक्सेट चालू असेल. ते औषध फोलेटच्या कामातच आडवं येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड देतात. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात आणि फोलेट झपाट्यानं खर्ची पडतं. त्यांना गोळी रोज लागते. त्या भागात ती प्राथमिक आरोग्य केंद्रात एक दिवसही खंड न पडता मिळायला हवी.

माझी जीभ उपचारांनंतर दोनेक आठवड्यांत शांत झाली. हिमोग्लोबिन वर यायला दोन-तीन महिने गेले. झोप परत आली. थकवा मात्र पुरता गेलेला नाही आणि त्यातला प्रत्येक कण फोलेटच्या माथी मारता येणार नाही, हेही डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं. फॉलिक अ‍ॅसिडनं फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरू शकते. म्हणून माझी मात्रा मेंदूच्या डॉक्टरांनी ठरवली आहे आणि दोन्ही पातळ्या अधूनमधून तपासतात. फिटच्या गोळ्या घेणाऱ्या माझ्या भावाबहिणींना हात जोडून सांगते, हे भाषण ऐकून तुमची गोळी बंद करू नका, कमी करू नका आणि स्वतःच्या मनानं फॉलिक अ‍ॅसिडही सुरू करू नका. जे काही करायचं ते डॉक्टरांना विचारून.

आणि बाकी सगळ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं, वर्षानुवर्षं चालू असलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्या. टेबलावर ठेवा. बी-ट्वेल्व्ह आणि लोह तपासलं आहे का ते विचारा. आणि मग विचारा, “माझं फोलेट कशामुळे कमी झालं?” उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.