कायद्याने सुटलेली पुस्तके



दरवर्षी १ जानेवारीला मराठी साहित्यात एक मोठी घटना घडते आणि तिची बातमी क्वचितच कुठे येते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरची साठ कॅलेंडर वर्षे सरली की त्याचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरचे हक्क संपण्याची वेळ आली, तेव्हा १९९२ साली ती वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले. २०११ उजाडले आणि ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. आचार्य अत्रे यांचे लेखन २०३० च्या पहिल्या दिवशी मुक्त होईल.

पण हक्क संपला म्हणून पुस्तक आपोआप वाचकाच्या हाती पडत नाही.

‘श्यामची आई’ला वाचकांची वाण नव्हती, अनेक प्रकाशकांनी ती पुन्हा छापली. ज्या पुस्तकांची एकच आवृत्ती निघाली आणि जी आता एखाद्या जुन्या वाचनालयाच्या बंद कपाटात आहेत, त्यांना कोण बाहेर काढणार? विकिमीडिया फाउंडेशनसारख्या ना-नफा संस्थेचे मोल इथे कळते. २००३ साली अमेरिकेत स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः देणग्यांवर चालते आणि विकिपीडियावर जाहिराती घेत नाही. तिचा विकिपीडिया शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मराठी विकिस्रोत हे तिचे मुक्त ग्रंथालय मात्र साहित्यिकांनाही फारसे ठाऊक नाही. संस्था जागा आणि यंत्रणा पुरवते. बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने मराठीतल्या या कामाला हात दिला आहे. बाकी सारे कष्ट स्वयंसेवकांचे.

ते कष्ट कसले, हे पडद्यावरचे एक पान पाहिले की समजते. डावीकडे मजकूर, उजवीकडे जुन्या छापील पानाची प्रतिमा. यंत्र अक्षरे ओळखते, पण ‘घर’चे ‘धर’ करते, ‘भात’चा ‘मात’ करते. रफार गळतात, जोडाक्षरे फुटतात. स्वयंसेवक ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहतो. जुन्या लेखकाने ‘केलें’ लिहिले असेल तर तो अनुस्वार तसाच ठेवावा लागतो, कारण इथे संपादन करायचे नसते, मूळ जपायचे असते. न तपासलेल्या पानाची खूण लाल असते. एकाने तपासले की ती पिवळी होते आणि दुसऱ्याने पुन्हा तपासल्यावरच हिरवी. पिवळी खूण करणाऱ्याला स्वतःच ती हिरवी करता येत नाही. ही शिस्त आपल्या अनेक नामवंत प्रकाशनगृहांनी उचलावी अशी आहे.

असे एकेक पान हिरवे झाले की तो मजकूर शोधता येतो, अंध वाचकाला यंत्राकडून ऐकता येतो आणि बोस्टनमधल्या मराठी घरातही उघडता येतो.

मुक्त ज्ञानाचा विचार महाराष्ट्राला परका नाही. डॉ. केतकरांनी भागधारक आणि वर्गणीदार जमवून ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमुळे तो कोश आज इंटरनेटवर वाचता येतो. शेजारच्या गोव्याने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, मजकूर वापरा, त्यात भर घाला आणि ती भरही त्याच अटीवर खुली ठेवा, असा हा परवाना. कोंकणी विकिपीडिया घडवणाऱ्यांच्या हाती त्यामुळे भक्कम आधार आला.

यावर लेखकाने खायचे काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. हयात लेखकाचे मानधन बुडवून कोणी ज्ञानदान करू नये. परंतु जे पुस्तक वीस-वीस वर्षे बाजारात नाही, ज्यातून लेखकाला एक रुपयाही मिळत नाही, ते कुलूपबंद ठेवून कोणाचे भले होते? अशा पुस्तकाला लेखकाने हयातीतच मुक्त परवाना द्यावा. एका सहीचे काम आहे.

या संमेलनाकडे एवढीच मागणी आहे: प्रत्येक वाचनालयाने हक्कमुक्त झालेल्या आपल्या दुर्मीळ पुस्तकांची यादी येत्या १ जानेवारीला जाहीर करावी आणि त्यातले निदान एक पुस्तक स्कॅनिंगसाठी द्यावे. इथे बसलेल्या प्रत्येकाने त्यातले एखादे पान तपासावे.