पायाखालची फुले



वनरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो. मी आज आपणांस नेणार आहे ते वाघाच्या रानात नव्हे, तर साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या कासच्या पठारावर. उन्हाळ्यात तेथे गेलात तर म्हणाल, 'या माळावर राखायचे ते काय?' पण भाद्रपदात हाच माळ फुलांनी झाकून जातो. सपुष्प वनस्पतींच्या सुमारे साडेआठशे जाती तेथे नोंदल्या गेल्या आहेत आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारसास्थळांत गेले.

ही श्रीमंती गरिबीतून आलेली आहे, हे ध्यानात घ्या. खाली जांभा दगड, वर बोट-दोन बोटे माती, तीही निकस. मोठे झाड तेथे मूळ धरीत नाही, म्हणून लहानांना जागा मिळते. मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे या नाजूक वनस्पती किडे पकडून ती उणीव भरून काढतात. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदाच फुलते. तिच्या कळ्या आज तुडवल्या, तर सात वर्षांची वाट पाहणे फुकट गेले.

नुकसान कोण करतो? कुऱ्हाडवाला नव्हे, आपल्यासारखा सुशिक्षित, फुलांवर प्रेम करणारा मनुष्यच! पाऊलवाटेवर चिखल दिसला की आपण बूट जपून कडेने जातो. मागचा त्याच्याही कडेने जातो. अशा रीतीने एका वाटेच्या चार वाटा होतात, माती घट्ट दबते आणि पुढच्या वर्षी बीज तेथे रुजत नाही. तेव्हा वाट सोडू नये, चिखलातूनच जावे, हा पहिला नियम.

पण 'मग कुंपण घाला आणि कुलूप लावा' असेही कोणी म्हणू नये. कासला कुंपण घालून पाहिले. गुरांचे चरणे थांबल्याने फुलांचेच नुकसान होते, असा आक्षेप निघाला आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणारा गावकरी हाही त्या माळाच्या घडणीचा एक भाग होता, हे आपल्या उशिरा लक्षात आले. आज भोवतालच्या गावांच्या समित्या हंगामात वाटांवर उभ्या राहून येणाऱ्यांना आवरतात. त्यांनी अडविले तर रागावू नका. ते आपलेच काम करीत असतात.

शेवटी एकच सांगतो. कासच्या तलावाचे पाणी सातारा शहर पिते. म्हणजे ज्या डोंगरमाथ्याला आपण सहलीची जागा समजतो, तोच आपला घडा भरतो. पिण्याच्या पाण्याच्या माठावर कोणी पाय देत नाही. मग त्या माथ्यावर तरी जपून पाय टाकावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.