बाबांचे हात



जर्मनीत मी 1992 सालची, उघडणाऱ्या टपाची जुनी आलिशान गाडी घेतली. टप अर्ध्यावरच अडकायचा. मी पडले सॉफ्टवेअरवाली. महिनाभर कंट्रोल युनिट आणि वायरी तपासत बसले. शेवटी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आधी तेल कुठं गळतंय ते बघ." हायड्रॉलिक सिलिंडरचं सील झिजलं होतं. ते मी स्वतः बदललं.

तिकडे 30 वर्षं जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या नंबरपाटीवर 'एच' हे मानाचं अक्षर मिळतं. आमच्या गाडीला ते मिळालं.

पालकसभेला बाबा गॅरेजमधून तसेच, ग्रीसच्या हातांनी यायचे. मी मैत्रिणींमागे लपायचे. बाबा, आज तुम्ही समोर बसला आहात. माझं चुकलं.