आपल्या मुलखाची पुस्तकं, आपल्या बैठकीत

आज आम्ही बचतीवर बोलणार नाही, थकलेल्या हप्त्यावरही नाही. आज पुस्तकांवर बोलायचं आहे. आता कुणी म्हणेल, "बाई, सकाळी धारा, दुपारी खुरपण, रात्री चूल. पुस्तकाला सवड कुठली?" सवड नाहीच. पण ज्या पुस्तकांबद्दल आम्ही सांगणार आहोत, ती सवड असलेल्या माणसांनी लिहिलेली नाहीत. आणि त्यांतली बरीचशी आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीतली आहेत.

आम्ही सहयोगिनी गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा विचारतो, "आपल्या भागातले लिहिणारे कोण?" वाळव्याकडच्या बाया लगेच अण्णा भाऊ साठ्यांचं नाव घेतात. वाटेगाव त्यांचंच. आटपाडीकडं गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर, हे माडगुळ्याचे दोघे भाऊ. मग आम्ही विचारतो, "आणि बाई?" तिथं गप्प बसतात. कुणीतरी सावित्रीबाई म्हणतं. खंडाळा तालुक्यातलं नायगाव त्यांचं माहेर, फोटो प्रत्येक शाळेत आहे. पण १८५४ साली त्यांच्या कवितांचं 'काव्यफुले' हे पुस्तक छापून आलं होतं, हे ऐकून पुष्कळजणी चकित होतात. आपण त्यांना हार घालतो, पण त्यांनी लिहिलेलं उघडत नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की आपल्या मुलखातल्या बाईचं पुस्तक बैठकीत वाचायचं. पहिलं घेतलं फलटणच्या बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं'.

बेबीताईंची गोष्ट आधी सांगतो. फलटणला त्यांचं छोटंसं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची. पुडी बांधायच्या आधी त्या कागदावर काय छापलंय ते त्या वाचायच्या. वाचता वाचता लिहायची इच्छा झाली. गिऱ्हाईक नसताना दुकानात बसून त्या लिहायच्या आणि वह्या लपवून ठेवायच्या. घरच्यांपासून लपवायच्या, आणि ते एक-दोन महिने नाही, जवळजवळ वीस वर्षं. नवऱ्याचा हात उठायचा, हे त्यांनी स्वतःच पुढं मुलाखतीत सांगितलं आहे. बाईनं लिहावं हे त्या काळी घरात कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं. आजही किती घरांत पडतं, हे ज्याचं त्याला ठाऊक.

त्या वह्यांचा सुगावा लागला फलटणमध्ये राहून भाषेचा आणि शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना. बाई मूळच्या अमेरिकेच्या. हे छापलंच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. १९८२ साली पुण्याच्या 'स्त्री' मासिकातून ते लेखन क्रमानं आलं आणि १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. पुढं इंग्रजीतही गेलं. बेबीताईंनी फलटणजवळ निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळाही काढली. २०१२ साली त्या गेल्या.

पुस्तकाचं नाव नीट ऐका. 'जिणं माझं' नाही, 'जिणं आमुचं' आहे. एकटीची कर्मकहाणी सांगायला त्या बसल्या नाहीत. सगळ्या महारवाड्याचं जगणं, त्यातही बायांचं जगणं, त्यांनी मांडलं. भूक, बाळंतपणं, अंगात येणं, जत्रा, लग्नं, आणि मग बाबासाहेबांचं ऐकून बदललेली माणसं. आपण गटात 'आम्ही' म्हणतो ना, तसाच तो 'आम्ही' आहे.

वाचायचं कसं, हा प्रश्न होताच. गटात दोघी-तिघींना अक्षरओळख नाही, चार-पाचजणींना वाचता येतं पण अडखळत. शेवटी एका आजीनंच मार्ग काढला. म्हणाली, "श्रावणात पोथी लावतो, तसं लावू की. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं." तसंच केलं. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, की चहाच्या आधी वीस मिनिटं वाचन. वाचणारी बहुतेक वेळा बारावी झालेली एखादी नवी सून. तिचं नाव इतिवृत्तात लिहायचं. सुनेचं नाव वाचनासाठी वहीत लागतंय, याचं सासूलाही बरं वाटतं. निदान बैठकीत तरी.

आता जी गोष्ट सांगतो, ती सांगावी की नाही यावर आमच्यात बोलणं झालं. सांगायचं ठरलं.

आमचा एक गट मिश्र वस्तीचा आहे. गावातल्या आळीच्या बाया आणि पलीकडच्या वस्तीच्या बाया एकत्र. व्यवहार चोख, एकमेकींना जामीन राहतात. पुस्तकात तो भाग आला, जिथं महारवाड्यातल्या बाया लाकडाची मोळी विकायला ब्राह्मण आळीत जातात. लाकडात आपला केस किंवा चिंधीचा दोरा अडकलेला नाही ना, हे एकेक काटकी बघून त्यांना खात्री करावी लागायची, नाहीतर घर बाटलं म्हणायचे. वाचणारी सून थांबली. कुणी बोलेना. मग आळीतली एक म्हणाली, "जुनं कशाला उकरायचं? आता कुठं असं आहे?" वस्तीतली एक वयस्क बाई शांतपणे म्हणाली, "मला आठवतंय. पाणी वरून वाढायचे. ह्याच गावात."

त्या दिवशी चहा झाला, पण नेहमीची चेष्टामस्करी झाली नाही. पुढच्या बैठकीला आळीतल्या दोघी आल्या नाहीत, बचत दुसऱ्यांच्या हाती पाठवली. आम्हाला काळजी वाटली. गट फुटला तर बँकेचं कर्ज, दुधाचा धंदा, सगळंच अडचणीत. एका सहयोगिनीचं मत पडलं की दुसरं हलकं पुस्तक घ्यावं. बाकीच्यांचं म्हणणं, की अवघड पान आलं की वही मिटायची असेल, तर गट कशाला म्हणायचा? वस्तीतल्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचं एवढं एक पुस्तक निघालं, तेही अर्धंच ठेवायचं का?" वाचन सुरू ठेवलं.

पुढं सुनांचा भाग आला. कोवळ्या पोरी सासरी जायच्या, रात्रंदिवस राबायच्या, आणि छळाला कंटाळून माहेरी पळाल्या तर ओढून आणून त्यांच्या पायात जड लाकडी खोडा अडकवायचे. बेबीताई इथं आपल्या माणसांनाही सोडत नाहीत. वरचे आम्हाला तुडवतात हे सांगतात, आणि आमच्या घरात आम्ही सुनेला तुडवतो हेही सांगतात. आमच्या मते पुस्तकाचं सगळ्यात मोठं धाडस हेच आहे. आपल्याच भावकीबद्दल असं छापून आणायला काळीज लागतं.

हा भाग वाचला त्याची बातमी गावात फिरली. न येणाऱ्या दोघींपैकी एक पुढच्या वेळी आली आणि दाराशीच टेकली. ऐकता ऐकता म्हणाली, "माझ्या आईच्या पायात खोडा नव्हता, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती, ते काय वेगळं?" त्यावर वस्तीतली आजी म्हणाली, "वेगळं होतं बाई. तुला पाणी मिळत होतं." दोघींचंही खरं होतं, आणि त्यावर खूप वेळ बोलणं झालं. दुसरी मात्र अजून बचत हातीच पाठवते.

त्यानंतर बाकीच्या गटांनीही पुस्तकं मागितली. शेजारच्या सांगोला तालुक्यातल्या महूदला जन्मलेल्या शांताबाई कांबळे मास्तरीण झाल्या. त्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' हेही १९८६ सालचंच. त्याच्यावर दूरदर्शनवर 'नाजुका' नावाची मालिका आली होती, ती काहीजणींना आठवली. अण्णा भाऊंची 'वैजयंता' तमाशातल्या बाईची गोष्ट आहे, तिच्यावर सिनेमाही निघाला. 'फकिरा' तर बऱ्याच घरांत नावानं ओळखीची आहे. ती कादंबरी अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. शाळेत दोन दिवससुद्धा धड न गेलेल्या माणसानं हे लिहिलं, यावर आमच्या बाया फार वेळ बोलतात. 'बनगरवाडी'तला दुष्काळ माण-आटपाडीच्या बायांना समजावून सांगावा लागत नाही, मेंढरं घेऊन गाव सोडणं त्यांच्या घरात घडलेलं आहे. एकीनं एवढंच म्हटलं, की त्यात बाया फार थोड्या बोलतात. आम्हालाही तसंच वाटतं. पुस्तक तरीही वाचावंच असं आहे.

एक लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत मेक्सिकोहून गेलेली पुष्कळ कुटुंबं हंगामाप्रमाणे शेतं बदलत मजुरी करतात, आपल्याकडं साखर कारखान्यांना ऊसतोडीच्या टोळ्या येतात ना, तशी. तोमास रिवेरा हा अशाच मजुरांचा मुलगा. १९७१ साली त्यानं त्या जगण्यावर स्पॅनिश भाषेत पुस्तक लिहिलं आणि पुढं तो कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाचा प्रमुख झाला. इकडं आटपाडीच्या शंकरराव खरातांनी गावकीची कामं करणाऱ्या घरातून येऊन 'तराळ-अंतराळ' लिहिलं आणि ते औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एकमेकांपासून इतक्या लांब असलेली ही माणसं, पण दोघांनीही आपल्याच माणसांचं लिहिलं. तोडीला आलेल्या कोप्यांवरची एखादी पोरगी उद्या लिहील, तेव्हा ते वाचायला आपण असायला पाहिजे.

पुस्तकं मिळवायची कुठं, तर आधी गावातल्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात विचारा. वर्गणी थोडी असते, आणि गटाच्या नावानं मागितलं की ग्रंथपाल खूश होतात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली, तेव्हा आणलेलं पुस्तक जपून परत करा. गटाची सहल काढायची असेल तर महाबळेश्वर-पाचगणीच्या मध्ये भिलार आहे. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. लोकांनी आपल्या घरांत, देवळात पुस्तकं ठेवलीत. कुणीही जावं, बसून वाचावं, पैसे पडत नाहीत. स्ट्रॉबेरीचे पडतात.

विकत घ्यायचं असेल तर दर बैठकीला दहा रुपये बाजूला काढा. बाराजणींचे एका महिन्याला एकशेवीस होतात, दोन-तीन महिन्यांत एक पुस्तक येतं. ते गटाच्या पेटीत ठेवायचं आणि कर्जासारखी नोंद करून घरी द्यायचं. व्याज नाही.

पुढच्या महिन्यात काय वाचायचं, यावर आमच्या गटात मतदान झालं. 'वैजयंता'ला सात, 'चित्तरकथे'ला पाच. पाचवाल्या म्हणतात, फेरमतदान घ्या, दोघी गैरहजर होत्या.